देवाची उजवी बाजू

आमच्या सरांना काहीही विचारलं तरी उत्तर एकच यायचं, "उद्या सांगतो."

सहलीला येणार का सर? उद्या सांगतो. दहावीचा जादा तास सकाळी घ्यायचा की संध्याकाळी? उद्या सांगतो. मधल्या सुट्टीत मी डब्यातली मेथीची भाजी पुढं केली, तर चमचा इतका वेळ हवेत धरायचे की हा माणूस भाजीसुद्धा उद्यावर टाकतो की काय, असं वाटायचं. लोहाऱ्याच्या त्या शाळेत मी नवीन लागले तेव्हा माझी समजूत झाली की सर घरी बायकोला विचारून सांगत असतील. मनात म्हटलं, चला, एक तरी असा निघाला. आमच्याकडं सगळं ठरवून झाल्यावर मला सांगायची पद्धत आहे.

शिपाईमामांनी माझा गैरसमज दूर केला. "बायकू कुठली आलीया मॅडम त्यास्नी! त्ये देवाला इचारत्यात. सकाळच्या पारी कौल लावत्यात, आन मग हितं येऊन सांगत्यात."

कौल लावणं मला नवीन नव्हतं. माझं माहेर सोनारीचं, काळभैरवाच्या देवळाला लागून आमचं घर. देवाच्या ओल्या अंगाला दोन्ही बाजूंनी एकेक फूल चिकटवायचं, प्रश्न मनात धरायचा आणि बसून राहायचं. उजवं आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. त्या देवळात फुलाकडं बघत बसलेल्या बायाबापड्यांची तोंडं बघतच मी मोठी झाले. पण लोक कौल लावतात ते पोरीच्या लग्नाला, विहिरीला, फार तर कोर्टकज्ज्याला. सहलीला कौल लावणारा माणूस मी सोनारीतही बघितला नव्हता.

सर मराठी शिकवायचे. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, शर्टाच्या खिशाला कायम खडूची पांढरी कड. एका किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत एकटे राहायचे. खोलीच्या कोनाड्यात शेंदूर लावलेला वीतभर दगड होता. तो त्यांनी गावाकडच्या रानातून आणलेला भैरोबा. शाळेच्या कुंपणाला कण्हेर होती, तिची फुलं रोज त्या कोनाड्यात जायची. कौल चारचौघांत लावू नये, देव संकोचतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळं ते कौल कसा लावतात हे कुणी बघितलेलं नव्हतं, आणि बघायची कुणाला पडलीही नव्हती.

दुसरी खोड कवितेची. शाळेच्या दारात सुविचाराचा फळा असतो. त्यावर थोरामोठ्यांची वाक्यं लिहायची असतात. सरांकडं तो फळा आला आणि थोरामोठ्यांची सुट्टी झाली. रोज सकाळी सर आपल्याच ओळी लिहायचे. मी गणिताची बाई, कवितेचं आणि माझं कधी जमलं नाही. पण रोज दारातून आत जाताना डोळ्यांपुढं येणारं किती चुकवणार? एकदा होतं,

इच्छा असते शेळीवानी,
बांधाबांधानं चरते;
मालक हाका मारत बसतो,
ती दुसऱ्याच्या रानात मरते.

हे वाचून पाचवीची पोरं दिवसभर बें बें करत हिंडली. हेडमास्तर वैतागले. पण खरी बोंब झाली ती दुसऱ्याच ओळींवरून.

हाक मारायची राहून गेली,
एवढंच झालं होतं;
वारा नव्हता, कडी नव्हती,
दार उघडंच होतं.

हेडमास्तरांनी सगळ्या स्टाफसमोर विचारलं, "यात सुविचार कुठाय?" सर शांतपणे म्हणाले, "विचार माझा आहे. सु तुम्ही लावा." त्या वेळी स्टाफरूमच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या हिंदीच्या बाई वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण लाल पेन थांबलं. मी गणिताची असले तरी एवढं मला दिसतं.

त्या बाईंचं आणि सरांचं जमता जमता राहिलं, असं शाळेत सगळ्यांना माहीत होतं आणि नीट कुणालाच माहीत नव्हतं. मी यायच्या आधीची गोष्ट. दोघांनीही पुढं लग्न केलं नाही. कामापुरतं बोलायचे, तेही "बाई, तिसरा तास तुमचा" एवढंच. बाईंचा गुरुवारचा उपवास असायचा. गुरुवारी सर चहा घ्यायचे नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पित्त होतं मॅडम." फक्त गुरुवारी पित्त होणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

हेडमास्तरकी खरं तर सरांच्याच वाट्याची होती. नंबर त्यांचा होता. संस्थेचे लोक घरी येऊन गेले. सर म्हणाले, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी नाही म्हणाले. जे झाले ते त्यांच्या मागचे, आणि त्यांनी आम्हाला ऑनलाइन माहितीच्या घाण्याला असं जुंपलं की पोरांना शिकवायचं हे मधल्या वेळेचं काम झालं. सोलापूरच्या एका पेपरचा माणूस आला होता, रविवारचं सदर लिहा म्हणून. त्यालाही उद्या, आणि उद्या नाही. मी त्या वेळी चिडले होते. म्हटलं, "सर, देवाला पेपरातलं काय कळतं?" तर म्हणाले, "त्याला माझ्यातलं कळतं." म्हटलं, बरं बाबा.

मग सर रिटायर झाले. बाई त्यांच्या थोड्या आधी झाल्या होत्या. फळा दुसऱ्या कुणाकडं गेला आणि त्यावर पुन्हा थोरामोठ्यांचं राज्य आलं. सर मात्र आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होते. लोकांच्या गुलाबाच्या फुलांत आणि चहाच्या कपांत रोज पहाटे त्यांच्या चार ओळी येऊन पडायच्या.

गुडघा म्हणतो, बस आता;
डोळा म्हणतो, बघ अजून.
या दोघांच्या भांडणामधी
दिवस जातोय मावळून.

खाली आठ-दहा जणांचे हात जोडलेले. कुणी वाचत नव्हतं. मी वाचायची. माझेही गुडघे बोलायला लागले होते. रिटायर व्हायला थोडी वर्षं राहिली होती आणि अंगातला सगळा जोर कुठं गेला ते कळत नव्हतं. शिकवणं, घर, निवडणुकीची ड्यूटी, सासऱ्यांचं आजारपण. पहाटे चहाला आधण ठेवायचं आणि उकळेपर्यंत त्या चार ओळी वाचायच्या, एवढीच मला चैन होती. बेजार माणसाला बेजार माणसाचं बोलणं बरं वाटतं.

गेल्या थंडीत सरांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एकटा माणूस, बघणारं कुणी नाही. शिपाईमामा डबा नेऊन द्यायचे, मी शाळा सुटल्यावर डोळ्यात औषध घालायला जायची. एक दिवस गेले तर सर खाटेवर हिरवी पट्टी बांधून बसलेले.

"मॅडम, एक काम होतं. कसं सांगू?"

"सांगा की सर."

"डॉक्टरनं वाकू नका म्हटलंय. कोनाडा खाली आहे. दुसऱ्या डोळ्याचंही आत्ताच करून टाका म्हणतात. मला विचारायचंय." त्यांनी कोनाड्याकडं हात केला. "तुम्ही फुलं लावता का? मी इथून प्रश्न धरतो."

इतक्या वर्षांत त्यांनी हे कुणाला करू दिलं नव्हतं. मी पदर खोचला, देवाच्या अंगावर पाणी घातलं, दोन कण्हेरीची फुलं चिकटवली आणि बाजूला सरले. सरांनी एक डोळा मिटला. दुसरा मिटलेलाच होता. बाहेर दुकानात कुणीतरी साबण मागत होतं. बराच वेळ काही झालं नाही, मग एक फूल घसरलं आणि पडलं.

"कुठलं?" सर म्हणाले.

"हे, दाराकडचं."

"म्हणजे उजवं. होय म्हणतोय." सरांनी सुस्कारा सोडला. "करून टाकू मग."

मी फूल उचलत होते. सहज म्हटलं, "उजवं कुठलं सर? डावं पडलं की. नाही आलाय."

"अहो, दार माझ्या उजव्या हाताला आहे."

"तुमच्या उजव्या हाताला असेल. कौल देवाच्या हातानं बघायचा असतो ना. देव तुमच्याकडं तोंड करून बसलाय. त्याची उजवी ती तिकडं, भिंतीकडं. आमच्या सोनारीत शेंबडं पोरगं सांगेल."

मी हसतच बोलले. सरही हसले. "काहीतरीच. माझ्या वडलांनी मला शिकवलंय. ते उजव्या हाताकडं बोट करून सांगायचे, इकडचं पडलं की होय."

"ते कुठं बसायचे?"

सर सांगायला लागले. रानात, लिंबाखाली भैरोबा. वडील देवाच्या शेजारी त्याच दगडाला पाठ लावून बसायचे, उन्हाकडं तोंड करून, आणि सर समोर उभे राहायचे, लहान. एवढं बोलले आणि थांबले. वडील देवाच्याच तोंडानं बसायचे. त्यांचा उजवा हात तोच देवाचा उजवा. वडील गेले, मग पोरगं देवासमोर बसलं आणि आपल्या उजव्या हातानं कौल वाचायला लागलं. तिथून आजपर्यंत.

मी फूल देवापुढं ठेवलं.

पहिल्यांदा सर म्हणाले, "म्हणूनच ती स्कूटर!"

त्यांनी मागं कधीतरी जुनी स्कूटर घेतली होती, देवाला विचारून. ती कधी चालू झाली नाही. शाळेची पोरं तिला ढकलत न्यायची. मला हसू आलं. पण सर हसत नव्हते. ते पुढं मोजत गेले. पतपेढीच्या निवडणुकीला उभे राहिले होते, देवानं होय म्हटलं म्हणून, तोंडावर पडले. पेपरचं सदर. हेडमास्तरकी. प्रत्येक गोष्ट उलटी करून बघत होते, आणि प्रत्येक वेळी आवाज थोडा खाली जात होता.

"देवानं मला एकदाही खोटं सांगितलं नाही मॅडम. मलाच वाचता आलं नाही. आणि मी मराठीचा मास्तर."

मी औषधाची बाटली हातात धरून उभी. शेवटी सर म्हणाले, "बाईंनी मला स्वतः विचारलं होतं."

"काय?"

"गॅदरिंगचा दिवस होता. स्टेजच्या मागं, पडद्याच्या दोऱ्या सोडवत होतो. पोरी नाचत होत्या, गाणं मोठ्यानं लागलेलं. बाई म्हणाल्या, सर, आपण दोघांनी लग्न केलं तर चालेल का तुम्हाला? असं सरळ. त्या काळात, आपल्या लोहाऱ्यात."

"आणि तुम्ही?"

सरांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. विचारायची गरज नव्हती. ते काय म्हणाले असतील हे शाळेतल्या पोरांनीही सांगितलं असतं. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी बाईंना सांगितलं होतं की देव नाही म्हणतो.

मला त्या वेळी असा राग आला! देवाचा नाही, सरांचाही नाही. कुणाचा ते सांगता येत नाही. एवढी एक धीट बाई, एवढा एक सरळ माणूस, आणि मधे दोन कण्हेरीची फुलं. मी औषध घातलं आणि घरी आले. पोळ्या लाटताना डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि घरात कुणी विचारलं तर कांदा म्हणता येईल म्हणून कांदा चिरायला घेतला.

डबा द्यायला जाणाऱ्या शिपाईमामांना हे कळलं, तेव्हा ते मला म्हणाले, "कशापायी सांगितलंसा मॅडम? म्हाताऱ्या माणसाला उगं जिवाला तकलीफ." मामांचं म्हणणं शाळेत सगळ्यांना पटलं. मला नाही पटत. खोटं कळूनही गप्प बसायचं आणि त्याला दया म्हणायचं, हे मला जमत नाही. पण सर जेवेनासे झाले, ग्रुपवर ओळी यायच्या बंद झाल्या, तेव्हा रोज आधण उकळताना मोबाईल उघडायची आणि तसाच परत ठेवून द्यायची. असाच महिना गेला. मग एका पहाटे आल्या.

विचारलं की तू दगड होतोस,
नाही विचारलं तर बघतोस.
मी समोर बसलो आयुष्यभर,
तू कुणाच्या बाजूनं बसतोस?

खाली आठ-दहा जणांनी हात जोडले. एकानं 'शुभ सकाळ' म्हटलं.

त्याच दिवशी सर शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. पट्टी निघालेली, काळा चष्मा लावलेला. "मॅडम, बाईंच्या घरी येता का माझ्याबरोबर? मला सांगायचंय त्यांना."

"काय सांगायचंय?"

"की देव होय म्हणाला होता. त्यांना इतकी वर्षं वाटत असेल, आपण देवालासुद्धा नको होतो. हे बरोबर नाही. माझं काय व्हायचं ते झालं. त्यांच्या डोक्यावर हे राहू नये."

मी म्हटलं, एकटे जा. तर घाबरले. एकट्या बाईमाणसाच्या घरी एकटा पुरुष कसा जाईल? गल्ली काय म्हणेल? बाईंना उगीच त्रास. मला वाटलं, या माणसाला या वयातही गल्लीची पडलीय. आणि मला भीतीही वाटत होती. बाईंनी सगळं कधीचं पुरून टाकलं असेल, हे उकरून काय मिळणार? पण सरांचा चेहरा बघून नाही म्हणवेना.

बाई दारातच सुपात तूर घेऊन खडे निवडत बसल्या होत्या. गुडघ्याला पट्टा. आम्हाला बघून उठायला गेल्या, उठवेना, मग तिथूनच म्हणाल्या, "या. आज शाळेला सुट्टी आहे का गं? आणि सर कसे काय?"

बाई सुपासकट आत सरकल्या आणि आम्ही बसलो. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग सगळं सांगितलं, वडलांपासून, लिंबाखालच्या दगडापासून. शब्द जुळवून आले होते, पण अर्ध्यात जुळवणी सुटली. शेवटी एवढंच म्हणाले, "देव होय म्हणाला होता बाई. मी उलटं वाचलं."

बाईंचा हात तुरीत तसाच राहिला. बाहेरून भंगारवाला भोंगा लावून गेला, जुनं लोखंड, जुनी सायकल, जुना कूलर. तो गल्लीच्या टोकाला पोचला तेव्हा बाईंनी मान वर केली.

"हे सांगायला आलात?" बाई म्हणाल्या.

"हो. तुम्हाला वाटलं असेल, देवानं तुम्हाला नाकारलं."

बाई हसल्या. चांगल्या खळखळून हसल्या. मला बरं वाटलं, आणि लगेच कळलं की बरं वाटण्यासारखं काही नाही.

"सर, मला देवाचं कधी वाईट वाटलं नाही. मी देवाला विचारलंच नव्हतं. देवाला विचारायचं असतं तर मीच नसती का धरली सोनारीची एसटी? मी तुम्हाला विचारलं होतं."

सरांनी मान खाली घातली.

"तुम्ही दुसऱ्या दिवशी येऊन मला देवाचं उत्तर दिलंत. ते उजवं की डावं, मला काय करायचंय? तुमचं उत्तर मला अजून आलेलं नाही." बाईंनी सूप बाजूला ठेवलं. आवाज चढला नव्हता. "मी किती दिवस वाट बघितली माहितीय? म्हटलं, माणसाला हवं असलं तर एकदा नाही म्हणणाऱ्या देवाला तो दुसऱ्यांदा विचारील. भांडेल. नवस बोलेल. तुम्ही एकदाच विचारलंत आणि गप बसलात. मला वाटलं, नकोच असेन."

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठताही येत नव्हतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसले. एकादशी कधी आहे, ते दोनदा वाचलं.

"माझं होय होतं," सर म्हणाले.

"हं."

"भीती वाटत होती. घर चालवता येईल का, भाऊबंद काय म्हणतील, मी तुम्हाला पुरेन का. देव नाही म्हणाला तेव्हा..." सरांनी चष्मा सारखा केला. "तेव्हा वाईट वाटलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं. खरं सांगतोय बाई. दोन्ही."

बाईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडं सरळ बघितलं. "हे तेव्हा सांगितलं असतंत तर मी भीतीसकट घेतलं असतं तुम्हाला."

सर खुर्चीच्या कडेला सरकले. म्हणाले, "आता मी तुम्हाला विचारलं तर चालेल?"

"विचारा."

आणि विचारलं हो त्यांनी! सत्तरीकडं झुकलेल्या माणसानं, माझ्यासमोर, काळा चष्मा लावून. कवितेत नाही, आडवळणानं नाही. बाईंनी गॅदरिंगच्या दिवशी विचारलं होतं तसं, सरळ एका वाक्यात. मी मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हणा, बाई, हो म्हणा.

बाईंनी वेळ घेतला नाही. "नाही, सर."

मी डोळे मिटले.

"रागानं म्हणत नाही. राग कधीच सरला. पण आता हा माझा गुडघा, ही माझी खाट, माझ्या वेळेला माझा चहा. कुणाचा डबा, कुणाची पथ्यं, कुणाचं अंथरूण, मला आता नाही व्हायचं. दमले मी. तुम्हीही दमलाय. दोन दमलेल्या माणसांनी एकमेकांना उचलायला जाऊ नये."

"बरं," सर म्हणाले.

त्यांच्या तोंडाकडं बघायचा मला धीर होत नव्हता. बघितलं, तर माणूस रडत होता आणि तरी महिनाभर मी बघितलेल्या चेहऱ्यापेक्षा तो चेहरा बरा होता. मला हे नीट सांगता येत नाही. जन्मभर ज्यानं उत्तरं फुलांवरून वाचली, त्याला एका माणसानं तोंडानं नाही म्हटलं होतं, आणि त्यात उलटं वाचण्यासारखं काही नव्हतं.

बाई भिंतीला धरून उठल्या, आत गेल्या. भिजवलेले मुरमुरे फोडणीला टाकून सुशीला केला, वर कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड. सरांनी सगळा खाल्ला. माझा घास हातातच राहिला, तर बाईंनी मलाच दटावलं, "खा गं, तुला काय झालं?"

निघताना सरांनी चप्पल पायात घातली आणि दारात रेंगाळले. बाई म्हणाल्या, "रविवारी येत जा. मी एकटीच असते. बोलायला कुणी मिळत नाही, आणि टीव्ही बघवत नाही." मग माझ्याकडं हात करून म्हणाल्या, "आणि हिला ओढत आणू नका. हिच्या मागं कमी व्याप आहेत का? एकटे या."

"एकटा?" सरांनी गल्लीकडं बघितलं. समोरच्या ओट्यावर दोन बायका लसूण सोलत होत्या. त्यांचे हात कधीचे थांबलेले होते.

"एकटे," बाई म्हणाल्या आणि आत वळल्या.

रविवारी दुपारी माझा फोन वाजला. "मॅडम, येता का?"

"नाही," मी म्हटलं.

"थोडा वेळ. दारापर्यंत."

"मला कामं आहेत सर." फोन ठेवला, आणि कुरडया वाळत घातल्यात त्या बघायच्या म्हणून गच्चीवर गेले. आमच्या गच्चीवरून बाईंची गल्ली दिसते. उन्हानं डोळे दिपत होते, तरी मी उभी राहिले.

सर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात कसलीतरी पिशवी. ओट्यावरच्या बायका तिथंच होत्या, आज लसणाशिवायच. सरांची चाल मंद झाली, दाराशी आले, आणि दार ओलांडून सरळ पुढं निघून गेले. मेला! मी गच्चीवरून ओरडायचीच राहिले. गल्लीच्या टोकाला जाऊन ते थांबले. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग वळले, तसेच मागं आले, ओट्यावरच्या बायकांना मान लववून नमस्कार केला, आणि बाईंच्या दाराची कडी इतक्या जोरात वाजवली की वर गच्चीवर मला ऐकू आली.